स्पाइट्सटाउन कसं पाहावं: साखर ज्या वाटेने बंदरावर आली, त्या वाटेने उलटं जा

वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर गेलेले बरेच जण स्पाइट्सटाउनला जेमतेम अर्धा तास देतात. क्रूझचं जहाज राजधानी ब्रिजटाउनला लागतं, टॅक्सीवाला बेटाला वळसा घालून आणतो, वाटेत क्वीन स्ट्रीटवर थांबतो, लाकडी सज्जांचे फोटो निघतात आणि गाडी पुढे सुटते. घरी आल्यावर ही मंडळी सांगतात, "तिथे बघण्यासारखं काही नाही हो." अर्ध्या तासात खरंच नाही. हे गाव हवापालटासाठी वसलंच नव्हतं. ते वसलं साखरेची पिंपं जहाजात चढवायला. साखरेचा व्यापार गेला, बंदर ओस पडलं आणि गाव मागे राहिलं. म्हणून माझा सल्ला असा की मुक्काम गावातच करा आणि साखरेचा प्रवास उलटा धरा: आधी धक्का, मग व्यापाऱ्याचं घर, मग चर्च, मग घळी आणि उसाचे फड, आणि शेवटी डोंगरावरची गिरणी आणि रमची भट्टी. या क्रमाने गेलात की गावातल्या साध्या भिंतीसुद्धा बोलायला लागतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. बार्बाडोस म्हणजे साधारण ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद बेट. इंग्रजांनी १६२७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर आज जिथे होलटाउन आहे तिथे पहिली वसाहत केली. पुढच्या दशकात तिच्या उत्तरेला विल्यम स्पाइट नावाच्या जमीनदार-व्यापाऱ्याच्या जागेवर हे गाव उभं राहिलं. सुरुवातीची पिकं तंबाखू आणि कापूस. १६४० च्या दशकात ब्राझीलमधल्या डच लोकांकडून ऊस गाळायची विद्या आली आणि एका पिढीत बेटाचं रूप पालटलं. जंगल गेलं, छोटे शेतकरी गेले, मोठे मळे आले आणि त्या मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली गेली. स्पाइट्सटाउनचा व्यापार इंग्लंडमधल्या ब्रिस्टल बंदराशी इतका चालायचा की गावाला 'लिटल ब्रिस्टल' हे नाव पडलं. ते अजूनही ऐकू येतं.

पहिली पायरी: कधी जायचं

डिसेंबर ते मे हा कोरडा काळ. त्यातही साखरेसाठी जाणार असाल तर फेब्रुवारी ते मे निवडा, कारण ऊसतोड तेव्हा चालते. बेटावर आता पोर्टवेल हा एकच मोठा साखर कारखाना उरला आहे. गाळप सुरू असताना सेंट जेम्स आणि सेंट पीटर परगण्यांच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या दिसतात. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला त्या ट्रॉलीमागे अडकायची सवय असतेच. इथेही ओव्हरटेकची घाई नको, कारण दोन्ही बाजूंना उंच ऊस आणि मध्ये अरुंद रस्ता असल्यामुळे वळणावर समोरचं काही दिसत नाही.

जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. बार्बाडोस इतर बेटांच्या मानाने पूर्वेला असल्यामुळे पुष्कळ वादळं वरून निघून जातात, पण सगळी नाही. जुलै २०२४ मध्ये 'बेरिल' दक्षिणेकडून गेलं तरी मासेमारीच्या बोटींचं मोठं नुकसान झालं. या काळात राहणं स्वस्त पडतं, पण बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या. गर्दी आणि गाणीबजावणी आवडत असतील तर जुलैच्या उत्तरार्धात 'क्रॉप ओव्हर' असतो. ऊसतोड संपल्याच्या आनंदाचा हा जुना सण मधल्या काळात बंद पडला होता. १९७४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी, 'कडूमेंट डे'ला, त्याचा कळस असतो. तो सगळा धुमाकूळ ब्रिजटाउनकडे. शांत गाव बघायला निघालेल्याने त्या आठवड्यात जाऊ नये, असं मला वाटतं. खोल्याही मिळत नाहीत आणि गावातली अर्धी माणसं तिकडे गेलेली असतात.

दुसरी पायरी: कागदपत्रं. खरी अडचण वाटेत आहे

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी बार्बाडोसला आधी व्हिसा काढावा लागत नाही. तिकीट काढण्याआधी नियम एकदा ताजा करून घ्या, एवढंच. पण भारतातून थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क, मायामी किंवा टोरांटोमार्गे जावं लागतं आणि गाडी तिथे अडते. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो. कॅनडाचंही तसंच आहे. ब्रिटनमध्ये ट्रान्झिट व्हिसाचे नियम तुमच्याकडे दुसऱ्या कोणत्या देशाचा व्हिसा आहे यावर ठरतात. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर बरंच सोपं जातं. आणखी एक खाच म्हणजे स्वस्त तिकिटात कधीकधी उतरायचं हीथ्रोला आणि पुढचं विमान गॅटविकहून असतं. म्हणजे बॅगा घेऊन ब्रिटनमध्ये शिरावं लागणार, आणि मग ट्रान्झिटची सवलत कामाला येईलच असं नाही. तिकिटावर विमानतळाचं नाव दोनदा वाचा. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी मंडळींना ही कटकट नाही. त्यांच्यासाठी हा थंडीतला सोपा बेत आहे.

बेटावर उतरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टमचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. तो फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर ते सरकारचं नाही, बंद करा.

बॅग भरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इथली वीज ११५ व्होल्टची आणि पिन अमेरिकी पद्धतीची, दोन चपट्या पात्यांची. मोबाइलचा चार्जर चालतो, पण घरची पाणी तापवायची कांडी किंवा हेअर ड्रायर चालणार नाही. दुसरी गोष्ट जरा विचित्र वाटेल. लष्करी ठिपक्यांचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे घालणं बार्बाडोसमध्ये कायद्याने गुन्हा आहे. लहान मुलांची चड्डी असो, टोपी असो की पाठीवरची सॅक, घरीच ठेवा.

तिसरी पायरी: विमानतळ ते गाव

ग्रँटली ॲडम्स विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाकडे, स्पाइट्सटाउन वायव्येला. सामान असेल तर टॅक्सी घ्या. टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसण्याआधी ठरवायचं आणि ते कोणत्या डॉलरमध्ये ते स्पष्ट विचारायचं. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. हा दर १९७५ पासून असाच बांधलेला आहे. 'साठ डॉलर' म्हटलं की कोणते साठ, याने खिशाला दुप्पट फरक पडतो. अधिकृत टॅक्सीची नंबरप्लेट 'झेड' अक्षराने सुरू होते. 'एच' असेल तर ती भाड्याने घेतलेली गाडी, म्हणजे आपल्यासारखाच पाहुणा चालवत असणार.

सामान थोडं असेल तर बस. खरं सांगायचं तर बेटाची ओळख बसमध्येच होते. तीन प्रकार आहेत. निळ्या, पिवळ्या पट्ट्याच्या सरकारी. पिवळ्या, निळ्या पट्ट्याच्या खासगी मिनीबस. आणि पांढऱ्या, तपकिरी-लाल पट्ट्याच्या व्हॅन, ज्यांना सगळे 'झेड-आर' म्हणतात. भाडं कुठूनही कुठेही साडेतीन बार्बाडोस डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे हवेत, उरलेले परत मिळत नाहीत. विमानतळाकडून 'बायपास'ने जाणारी स्पाइट्सटाउनची बस ब्रिजटाउनची गर्दी टाळते. ब्रिजटाउनहून निघायचं तर सरकारी बस प्रिन्सेस ॲलिस स्थानकातून आणि मिनीबस चीपसाइडहून सुटते. थांब्यांच्या गोल पाट्यांवर गावाचं नाव नसतं. 'शहराकडे' किंवा 'शहराबाहेर' एवढंच इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि शहर म्हणजे ब्रिजटाउन. परत येताना चुकीच्या बाजूला उभं राहू नका.

बसमध्ये चढताना "गुड मॉर्निंग" म्हणायचं. कोणा एकाला उद्देशून नाही, सगळ्या बसला. म्हातारी माणसं मान हलवून उत्तर देतात. दुकानात, दवाखान्यात, रमच्या ठेल्यावर हाच नियम. नमस्कार न करता थेट किंमत विचारणारा माणूस इथे उद्धट ठरतो, आणि मग त्याला उत्तरही तसंच मिळतं. ही एक सवय लावून घेतलीत तर बाकीचं गाव आपसूक उघडतं.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. पाहुण्यांना लागणारा तात्पुरता परवाना गाडी देणारेच काढून देतात. पहिले दोन-तीन दिवस गाडीची गरज नाही, डोंगराकडे जायच्या दिवशी घेतली तरी चालेल.

चौथी पायरी: राहायचं कुठे

गावाच्या दक्षिणेला मलिन्सच्या किनाऱ्याकडे महागडी हॉटेलं, उत्तरेला पोर्ट सेंट चार्ल्सची बोटवाल्या श्रीमंतांची वस्ती. मधल्या गावात छोटी भाड्याची घरं आणि खोल्या मिळतात. त्या घ्या. स्वयंपाकघर असलेली जागा मिळाली तर उत्तम, विशेषतः शाकाहारी असाल तर. गावात सुपरमार्केट आहे, बँका आहेत, भाजीच्या टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका आहेत आणि सरकारी दवाखानाही आहे. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. बेट प्रवाळाच्या चुनखडीचं असल्यामुळे पावसाचं पाणी खडकातून गाळूनच खाली साठतं, म्हणून बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. उपाहारगृहाच्या बिलात बहुधा दहा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं. ते पाहून मग टिपचा विचार करा.

पाचवी पायरी: गाव, धक्क्यापासून आत

सकाळी लवकर निघा, दहानंतर ऊन चढतं. सुरुवात समुद्राकडून. आज जो लहान धक्का आणि मासळीबाजार दिसतो, तिथून समोरच्या पाण्याकडे बघा. इथे मोठी जहाजं किनाऱ्याला लागत नसत. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि साखरेची लाकडी पिंपं वाळूवरून ढकलत छोट्या होड्यांत चढवली जात. पुढे या गावचा माल गलबतांनी ब्रिजटाउनला आणि तिथून मोठ्या जहाजांनी विलायतेला जाऊ लागला. रस्ते सुधारले, १९६१ मध्ये ब्रिजटाउनला खोल पाण्याचं बंदर झालं आणि इथल्या धक्क्याला काम उरलं नाही.

मासळीबाजारात थोडं थांबा. डिसेंबर ते जून उडत्या माशांचा हंगाम. बायका तो मासा ज्या वेगाने काट्यातून सोडवतात ते बघण्यासारखं असतं. पोट चिरून मासा उघडायचा, कणा एका ओढीत काढायचा आणि मग पात्याच्या टोकाने बाजूच्या बारीक काट्यांच्या ओळी उचलून टाकायच्या. मासा मात्र अखंड, पुस्तकासारखा उघडलेला. हातात काम असताना फोटो काढायचा असेल तर विचारून काढा.

आता क्वीन स्ट्रीटवर या आणि मान वर करून चाला. खाली प्रवाळाच्या दगडाची दुकानं, वर लाकडी सज्जे रस्त्यावर झुकलेले. काही इमारती नीट केलेल्या, काही पत्रे निसटलेल्या, काहींच्या नुसत्या भिंती. नीटनेटकेपणा शोधणाऱ्याला वाईट वाटेल, पण मला ही सरमिसळच खरी वाटते.

अर्लिंग्टन हाउससाठी वेळ राखून ठेवा. अठराव्या शतकातलं हे तीन मजली घर बार्बाडोस नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि आत संग्रहालय आहे. रस्त्याकडे तोंड अरुंद, घर मागे लांबवर गेलेलं. अशीच घरं अमेरिकेतल्या चार्ल्सटनमध्ये दिसतात, आणि त्याला कारण आहे. १६७० मध्ये कॅरोलिनाची वसाहत सुरू झाली तेव्हा तिथे गेलेल्यांत बार्बाडोसचे मळेवाले पुष्कळ होते. त्यांच्याबरोबर भांडवल गेलं, गुलाम केलेली माणसं गेली, आणि कायदाही गेला. बार्बाडोसने १६६१ मध्ये केलेल्या गुलामांविषयीच्या कायद्याचा नमुना पुढे कॅरोलिनाने घेतला. संग्रहालयाचा एक मजला गावाच्या आठवणींचा, एक मळ्यांचा आणि सर्वांत वरचा बंदराचा. बंदराच्या मजल्यावर स्टीड बॉनेट भेटतो. हा याच बेटावरचा खातापिता जमीनदार. सगळं सोडून समुद्रात चाचेगिरी करायला गेला आणि १७१८ मध्ये चार्ल्सटनला फासावर चढला. मुलांना तो मजला आवडतो. मोठ्यांनी मधल्या मजल्यावर जास्त वेळ घालवावा. उघडायची वेळ ट्रस्टकडे आधी विचारून घ्या आणि रविवारचा बेत ठेवू नका. रविवारी गावच झोपलेलं असतं.

तिथून सेंट पीटर चर्च जवळच. मूळ चर्च सतराव्या शतकातलं. १८३१ च्या चक्रीवादळात ते पडलं, १८३७ मध्ये आजची वास्तू झाली, १९८० मध्ये आगीत जळाली आणि तीन वर्षांत पुन्हा उभी केली. रविवारी सकाळी गेलात तर कडक इस्त्रीचे कपडे आणि टोप्या घातलेली माणसं दिसतील. पोहण्याच्या कपड्यांत आत जाऊ नका. पोहण्याचा पोशाख वाळूपुरताच, बाजारातही तो चालत नाही.

गावाभोवती पूर्वी लहान लहान किल्ले होते. मागच्या टेकडीवरचा डोव्हर फोर्ट त्यातलाच. १६५१ मध्ये इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या आरमाराने राजनिष्ठ बार्बाडोसला वेढा घातला आणि डिसेंबरात सैन्य याच किनाऱ्यावर उतरवलं. उत्तरेला चालत गेलात तर सिक्स मेन्सच्या कोळीवस्तीत समुद्राकडे तोंड करून जुन्या तोफा पडलेल्या दिसतात. आता त्यांच्यावर जाळी वाळत घालतात.

दुपारी चालणं बंद. पाण्यात उतरा. पश्चिमेचा समुद्र शांत असतो आणि बेटावरचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत, महागड्या हॉटेलसमोरची वाळूसुद्धा. फक्त झाडं ओळखा. मँचिनील नावाचं झाड किनाऱ्यावर वाढतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं असतात आणि फळ, पान, चीक सगळं विषारी. पावसात त्याखाली उभं राहिलात तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही कातडी भाजते. पुष्कळ झाडांच्या खोडावर लाल पट्टा मारलेला असतो. सगळ्यांवर नसतो, म्हणून मुलांना खाली पडलेलं फळ उचलू देऊ नका.

सहावी पायरी: घळीतून वर, फडाकडे

गावाबाहेर पडलं की जमीन पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि मध्ये खोल घळी लागतात. चुनखडीतल्या गुहांची छतं कोसळून त्या झाल्या. तिथे ऊस लावता आला नाही, म्हणून बेटाच्या जुन्या जंगलाचे तुकडे तिथेच टिकले. स्पाइट्सटाउनहून व्हिम घळीतून जाणारी 'आर्बिब' नावाची पायवाट नॅशनल ट्रस्टने आखली आहे. ती वाटाड्याबरोबरच करावी. ट्रस्टच्या रविवारी पहाटेच्या पदभ्रमंतीही आहेत. जागा दर आठवड्याला वेगळी, आणि चालण्याच्या वेगाप्रमाणे गट पाडतात. मुंगूस आडवं गेलं तर दचकू नका, ते आपल्याकडचंच. उसातले उंदीर मारायला १८७२ मध्ये जमैकात भारतातून मुंगसं आणली आणि तिथून ती बेटाबेटावर पोचली. उंदीर काही संपले नाहीत, पक्ष्यांची अंडी मात्र संपली. वाटेत कुंपणाला लाल-पिवळी फुलं दिसतील. तो आपला शंकासूर, आणि इथलं राष्ट्रीय फूल.

फडाच्या कडेला लाकडी घरं दिसतात. उभ्या उताराचं छप्पर, दगडांच्या ठोकळ्यांवर नुसती टेकवलेली. ही चॅटल घरं. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली आणखी चार वर्षं सक्ती चालली आणि १८३८ मध्ये माणसं खरोखर सुटली. पण जमीन मळेवाल्याचीच राहिली. मालकाने हाकललं तर घर उचलून नेता यावं म्हणून ते सुटं बांधायचं. पाया नसण्याचं कारण हेच.

याच ठिकाणी एक प्रश्न आपल्या मनात येतोच: इथे आपले लोक का नाहीत? त्रिनिदादला १८४५ पासून, गयानाला १८३८ पासून भारतातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर नेले. बार्बाडोसला नेले नाहीत. बेट दाटीवाटीने वसलेलं होतं, पडीक जमीन नव्हती आणि सुटलेल्या माणसांना त्याच मळ्यांवर कमी मजुरीत राबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाहेरून मजूर आणायची गरजच पडली नाही. इथले भारतीय विसाव्या शतकात आलेले व्यापारी, मुख्यतः सुरतेकडचे गुजराती मुसलमान, आणि सिंधी. सुरुवातीला ते दारोदार कपडा विकत.

उसाच्या बाबतीत इथल्या मातीचं एक काम शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने लक्षात ठेवावं. आपण ऊस कांडीने लावतो. उसाच्या तुऱ्यात रुजणारं बी असतं हे बराच काळ कोणी मानत नव्हतं. १८८८ मध्ये हॅरिसन आणि बोव्हेल यांनी बार्बाडोसमध्ये बियांपासून रोपं वाढवून दाखवली. त्याच सुमारास जावातही हे सिद्ध झालं. तुऱ्यातून संकर करून नवे वाण काढणं, म्हणजे पुढे कोइम्बतूरच्या ऊस संशोधन केंद्रात झालं ते काम, या पायावर उभं आहे.

सातवी पायरी: गिरणी आणि भट्टी

हा एक पूर्ण दिवस. गाडी किंवा दिवसभराची टॅक्सी घ्या, बस या बाजूला कमी. आधी मॉर्गन लुइसची पवनचक्की. एकेकाळी बेटावर अशा पाचशेच्या आसपास चक्क्या होत्या. आतल्या यंत्रासह उरलेली ही जवळजवळ एकटीच. १९४७ पर्यंत इथे ऊस गाळला जाई. बुरूज दगडी, टोपी वाऱ्याच्या दिशेने फिरवता येणारी, आणि आत उभे लाटणे. आपल्या गुऱ्हाळातला बैलाचा चरक डोळ्यासमोर आणा आणि बैलाच्या जागी अटलांटिकवरून येणारा वारा घाला. फरक हा की बैलाला "हो" म्हटलं की थांबतो, वारा थांबत नाही. रात्रंदिवस गाळप चाले, कारण तोडलेला ऊस पडून राहिला तर रस आंबतो. ऊस घालणाऱ्याचा डोळा लागला, बोटं लाटण्यात गेली, तर हात कोपरापासून तोडायला कुऱ्हाड जवळ ठेवलेली असे, अशा नोंदी त्या काळच्या लिखाणात आहेत. हे समजल्यावर चक्कीचा फोटो काढताना हात जरा थांबतो.

वर चेरी ट्री हिल, सुमारे ८५० फूट. दोन्ही बाजूंना महोगनीची झाडं आणि समोर सगळा पूर्व किनारा. इथून दिसणारा तो समुद्र पोहण्याचा नाही, प्रवाह माणसाला ओढून नेतो.

जवळच सेंट निकोलस ॲबी. नावात मठ असला तरी हा कधीच मठ नव्हता, मळ्याचा वाडा आहे, १६५८ च्या सुमाराचा. या उष्ण बेटावरच्या घराला धुराडी आणि शेकोट्या आहेत. इंग्लंडमधला आराखडा जसाच्या तसा उतरवल्यावर असं होणारच. आवारात १८९० ची वाफेवरची ऊस गाळायची गिरणी आहे. हंगामात ती चालवतात, आणि त्या दिवशी गेलात तर वाफ, तेल आणि रस यांचा मिळून जो वास येतो त्याने अंगावर गावाकडचा हंगाम येतो. चिपाडाचे ढीग तेच, काकवी तीच. इथे त्या पाकापासून रम काढतात. आता लहानशी वाफेची रेल्वेही आहे. ती मजेसाठी, वेळ असेल तरच बसा. १९३० च्या दशकात मालकाने घेतलेली मळ्याची चित्रफीत दाखवतात, ती मात्र चुकवू नका. चालू चक्की, कढया, पिंपं, धक्का, सगळं हलताना दिसतं. जाण्याआधी आठवड्याचा बंद वार विचारून घ्या.

परतताना फार्ली हिलचा १९६५ मध्ये जळालेला वाडा वाटेवर लागतो. झाडी छान आहे, डबा खायला बरी जागा. हिरवी माकडं दिसली तर खाऊ देऊ नका. गावात येऊन ती लोकांच्या बागा लुटतात.

खाणं

राष्ट्रीय पदार्थ कूकू आणि उडता मासा. कूकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेला लगदा. भेंडीच्या चिकटपणामुळेच तो सुरीने कापता येतो, म्हणून नाक मुरडू नका. सकाळी 'कटर' घ्या, म्हणजे खारा पाव आणि आत माशाची वडी किंवा चीज. शनिवारी पुडिंग अँड सूस असतं. ते डुकराचं मांस, माहीत असू द्या. पिवळा मिरचीचा सॉस टेबलावर असतो, तो आपल्यालाही तिखट लागतो. शाकाहारी माणसाने रोटी मागावी. हरभरे आणि बटाट्याची भाजी भरलेली ही गुंडाळी त्रिनिदाद-गयानाकडून आली. रास्ताफारी पंथाच्या लोकांची 'आयटल' खाणावळ दिसली तर तिथे मांस नसतंच. नीरफणस भाजून, उकडून, तळून मिळतो. कोकणातल्या माणसाला काही सांगायला नको. क्वीन स्ट्रीटवरचा फिशरमन्स पब समुद्राला लागून आहे आणि तिथे गावातली माणसंही जेवतात. थाळी घेऊन मागच्या बाजूला बसा.

संध्याकाळी सातच्या आत अंधार पडतो. मग रमच्या ठेल्यावर डॉमिनोचे डाव रंगतात. सोंगटी टेबलावर अशी आपटतात की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला भांडण झालं असं वाटतं. बघत उभं राहिलं तर चालतं, पण मध्ये सल्ला देऊ नका. अंधारात निर्जन वाळूवरून एकट्याने चालत जाणं टाळा. पोलिसांचा क्रमांक २११, रुग्णवाहिकेचा ५११. डासांचं मलम जवळ ठेवा, डेंगी इथेही होतो.

एखादा दिवस जास्त असेल तर

क्रिकेटवेड्याने बसने ब्रिजटाउनला जाऊन केन्सिंग्टन ओव्हल बघावं. २९ जून २०२४ ला भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक घेतला तो इथेच. त्याआधी १९७१ च्या दौऱ्यात, अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली, सुनील गावस्करांनी याच मैदानावर दुसऱ्या डावात नाबाद ११७ केल्या. बसमध्ये शेजारी एखादे आजोबा बसले आणि तुम्ही भारतातले आहात हे कळलं, तर गावस्करांचं नाव तेच काढतील. उत्तरादाखल याच बेटावरचे गॅरी सोबर्स म्हणा, पुढचा प्रवास मजेत होतो.

बेत वाढवून त्रिनिदाद, गयाना किंवा सुरीनामला जायचं असेल, आणि आपल्या गिरमिटियांचे मळे बघायचे तर तिकडे जावंच लागतं, तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवा. बार्बाडोसहून थेट परतणाऱ्याला ते लागत नाही. पण या तीन देशांतून आलेल्या माणसाकडे कार्ड नसेल, तर भारतात उतरल्यावर विमानतळावरून सरळ विलगीकरणात नेतात, आणि तिथे सबबी चालत नाहीत. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि बऱ्याच केंद्रांवर आधी वेळ घ्यावी लागते, म्हणून तिकिटाच्या आधी लसीची तारीख पक्की करा.